मोबाईलच्या ब्राउझरला जोड का मिळत नाही?
छोट्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने विचारावा असा प्रश्न

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत आज कोणत्याही दुकानात जा. दुकान लहान असेल, गल्ला त्याहून लहान असेल, पण मालकाच्या हातात मोबाईल असतोच. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याचा भाव त्यावर येतो, बालाघाटच्या गिऱ्हाइकाचे पैसे त्यावर जमा होतात, जीएसटीचा ओटीपीही त्यावरच येतो. संगणक मात्र क्वचितच दिसतो. आमच्या बहुतेक व्यापारी व कारागीर बंधूंची पेढी, वहीखाते आणि तारघर हे सारे आता त्या एका यंत्रात सामावले आहे.

काही दिवसांपूर्वी मुर्रीतील एका शिलाई कारागिराच्या दुकानात आम्ही बसलो होतो. मशीनच्या एका सुट्या भागाचा भाव पाहण्यासाठी त्याने मोबाईलवर एक पान उघडले. भाव दिसण्याआधी तीन जाहिराती समोर आल्या. पहिली पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्याची, दुसरी सट्ट्याची, आणि तिसरीत नुसते एक मोठे हिरवे बटण होते. ते दाबले तर काय होईल याचा पत्ता नव्हता. शेजारी बसलेला त्याचा मुलगा म्हणाला, “अब्बा, क्लासमधल्या कॉम्प्युटरवर हेच पान उघडले तर एकही जाहिरात येत नाही. सरांनी त्यात एक्स्टेन्शन टाकले आहे.”

“मग माझ्या मोबाईलमध्येही टाक.”

“तुमच्या ब्राउझरमध्ये ते टाकता येत नाही.”

“का नाही? मोबाईल काय फुकट आणला आहे?”

मुलाकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी आमच्याकडेही नव्हते. परंतु प्रश्न योग्य होता, आणि तो एकट्या कारागिराचा नाही. म्हणून या पानावर त्याचा विचार करणे आम्हास आवश्यक वाटते.

एक्स्टेन्शन म्हणजे काय?

आपल्या दुकानात भिंतीवर विजेचे एकच सॉकेट असते आणि यंत्रे असतात चार. तेव्हा आपण बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. वायरिंग न फोडता सोय वाढते. ब्राउझरचे एक्स्टेन्शन असेच असते. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही इंटरनेटवरील पाने दाखविणारी साधने म्हणजे ब्राउझर. त्यांना बाहेरून जोडलेला लहानसा प्रोग्रॅम म्हणजे एक्स्टेन्शन. कोणी जाहिराती अडवितो, कोणी पासवर्ड सांभाळतो, कोणी एखाद्या वस्तूचा भाव गेल्या काही महिन्यांत किती चढला-उतरला ते दाखवितो, तर कोणी तोच तो पत्ता आणि जीएसटी क्रमांक फॉर्ममध्ये आपोआप भरतो.

संगणकावर ही सोय जुनी आहे. 2004 साली फायरफॉक्स बाजारात आला तो अशी जोड घेऊनच. गूगलच्या क्रोममध्ये ती 2010 पासून सर्वांना मिळू लागली. 2012 साली क्रोम अँड्रॉइड फोनवर आला, पण एक्स्टेन्शन संगणकावरच राहिली. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली, फोनवरच्या क्रोमने ते दार उघडलेले नाही. आपल्या देशातील बहुतेक मोबाईल अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांत क्रोम आधीच बसविलेला असतो. म्हणजे दुकानदाराने काही निवडण्यापूर्वीच त्याच्यासाठी निवड झालेली असते.

इतरांनी काय केले तेही पाहू. फायरफॉक्सच्या अँड्रॉइडवरील जुन्या आवृत्तीत एक्स्टेन्शन चालत होती. 2020 साली त्यांनी ब्राउझर नव्याने बांधला आणि बोटांवर मोजण्याइतकीच एक्स्टेन्शन शिल्लक ठेवली. लोकांनी तीन वर्षे तक्रार केली. अखेर डिसेंबर 2023 मध्ये चारशेहून अधिक एक्स्टेन्शन पुन्हा खुली झाली. ॲपलने 2021 साली आयफोनच्या सफारीमध्ये ही सोय आणली. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही अलीकडे अँड्रॉइडवर मोजकी एक्स्टेन्शन देण्यास सुरुवात केली आहे. किवी नावाचा एक ब्राउझर क्रोमची एक्स्टेन्शन अँड्रॉइडवर चालवीत असे व जाणकारांत तो लोकप्रिय होता. जानेवारी 2025 मध्ये त्याचे काम थांबले. ज्यांच्या फोनमध्ये तो अजून असेल त्यांनी त्यावर व्यवहार करू नये, कारण दुरुस्ती बंद झालेला ब्राउझर म्हणजे कडी तुटलेले दुकान होय.

कारणे खरी किती, सबबी किती?

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एका पक्षाचे ऐकून निवाडा देणे आपल्या धर्मात बसत नाही. फोनची स्मृती आणि बॅटरी संगणकापेक्षा कमी असते. प्रत्येक एक्स्टेन्शन त्यातला वाटा खाते. संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बनविलेली बटणे बोटाने दाबता येत नाहीत. शिवाय फोनमध्ये बँक, आधार, कुटुंबाची छायाचित्रे सारे काही असते, तेव्हा परक्या प्रोग्रॅमला आत घेणे धोक्याचे आहे. ही तिन्ही कारणे खोटी नाहीत.

परंतु फायरफॉक्स आणि सफारी यांनी त्याच फोनवर, त्याच बॅटरीवर हे करून दाखविले आहे. मग सर्वांत मोठ्या कंपनीला ते का जमू नये? येथे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जाहिरातींचा आहे. सर्वाधिक वापरली जाणारी अनेक एक्स्टेन्शन जाहिराती अडविणारी आहेत. जो फलक भाड्याने देतो, तो फलक झाकणारा पडदा स्वतःच्या दुकानात विकायला ठेवील काय? कंपनी असे कारण देत नाही आणि तिच्या मनातले आम्ही जाणत नाही. पण हितसंबंध कोठे आहे हे पाहण्यास मन वाचावे लागत नाही. संगणकावरच्या क्रोममध्येही 2024-25 मध्ये एक्स्टेन्शनचे नियम बदलले. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडविणारे प्रसिद्ध एक्स्टेन्शन तेथे बंद पडले आणि त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. हा बदल सुरक्षिततेसाठी आहे, असे कंपनीचे म्हणणे आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाचे बरेचसे उत्पन्न गूगलशी केलेल्या शोधसेवेच्या करारातूनच येते. या बाजारात स्वतंत्र असे दुकान फारसे उरलेले नाही.

मक्तेदारीचा हा प्रश्न आपल्या देशातही उपस्थित झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. क्रोमसह स्वतःची ॲप फोनमध्ये आधीच बसविण्याची अट हा त्यातील एक मुद्दा होता. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. ज्या बाजारात विकणारा एकच बलाढ्य असतो तेथे गिऱ्हाइकाच्या तक्रारीला वजन राहत नाही, हे गोंदियाच्या धान बाजारात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नुकसान कोणाचे?

आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे. ज्याच्याकडे संगणकही आहे आणि मोबाईलही आहे, त्याला मोबाईलवर एक्स्टेन्शन नसल्याने फारसे बिघडत नाही. तो महत्त्वाचे काम टेबलावर करतो. ज्याच्याकडे केवळ मोबाईल आहे, त्याला दुसरी वाट नाही. म्हणजे संरक्षणाची साधने संगणकावर, आणि धोक्यात असलेला माणूस मोबाईलवर! ज्याचा डेटा मोजका आहे, ज्याला इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत, ज्याला खरे बटण आणि खोटे बटण यांतला फरक कोणी शिकविलेला नाही, त्याच्याच पडद्यावर सर्वाधिक गर्दी होते.

आणि ही गर्दी कशाची? त्या शिलाई कारागिराच्या पडद्यावरील पहिली जाहिरात व्याजाची होती आणि दुसरी जुगाराची. सूरह अल-बकरामध्ये व्याजाविषयी आणि सूरह अल-माइदामध्ये जुगाराविषयी अल्लाहने काय फर्मावले आहे हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. जी वस्तू आपण दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवू देणार नाही ती आपल्या मुलांच्या हातातल्या पडद्यावर दिवसातून अनेकदा येते. सरकारनेही यातील हानी मान्य केली आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाबाबत नियम घातले आणि ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. कायदा चांगला आहे, पण चोरवाटेने येणारी जाहिरात कायद्याची परवानगी घेऊन येत नाही. अशा वेळी आपल्या पडद्यावर काय यावे आणि काय येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार मालकाच्या हाती असणे हीच मागणी आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये, अशी शिकवण सूरह अन-नूरमध्ये आहे. खिशातला मोबाईल हा आता घराचाच भाग झाला आहे.

सहीचे टोकन आणि आजचा कातिब

याच्या शेजारचाच दुसरा प्रश्न व्यापाऱ्याला अधिक महाग पडतो. काही सरकारी कामे अशी आहेत की ज्यांत ब्राउझरला बाहेरचा प्रोग्रॅम जोडल्यावाचून गाडी पुढे सरकत नाही. डिजिटल सही हे त्याचे ठळक उदाहरण. ही सही एका लहान टोकनमध्ये असते. ते संगणकाला लावावे लागते आणि संगणकात सही करणारा प्रोग्रॅम बसवावा लागतो. मग ब्राउझरमधून कागदावर सही होते. मोबाईलवर हे साधत नाही.

जीएसटीमध्ये एकट्या मालकीच्या दुकानदाराला दिलासा आहे. त्याचे विवरणपत्र ओटीपीवर दाखल होते. कंपनी आणि एलएलपी यांना मात्र डिजिटल सही सक्तीची आहे. 2020 च्या जुलैपासून सुरू झालेली उद्यम नोंदणी आधारच्या ओटीपीवर, विनामूल्य होते. ती मोबाईलवरून करता येते, त्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही. परंतु सरकारी ई-निविदा भरावयाची असेल तर टोकन आणि संगणक हवाच. बांधकामाचा लहान ठेका असो, शाळेला बाके पुरविणे असो की वनविभागाच्या तेंदूपत्ता घटकाची खरेदी असो, आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याची गाठ येथे पडते.

मग होते काय? व्यापारी आपले टोकन आणि त्याचा पिन एखाद्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याच्या हवाली करतो. “तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल,” असे म्हणून घरी येतो. बंधूंनो, माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 अन्वये त्या सहीला हाताच्या सहीसारखेच वजन आहे. कोऱ्या कागदावर सही करून तो कागद बाजारात ठेवून येणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे काय? टोकन मागे ठेवणारा नेमके तेच करीत असतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होऊ नये, ही तरतूद सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. त्या काळी सर्वांना लिहिता येत नव्हते, म्हणून कातिब लागत असे. आज सर्वांकडे संगणक नाही, म्हणून सेंटरचालक हा आपला कातिब झाला आहे. तो प्रामाणिक असेल, बहुतेक असतातच. पण कातिबाने आपल्यासमोर, आपण सांगू तेच लिहावे आणि लेखणी आपल्या हाती परत द्यावी, एवढी शिस्त पाळली तर त्याचीही अब्रू राहते आणि आपलीही. उद्या काही घोटाळा झालाच तर टोकन ज्याच्या कपाटात सापडेल त्याच्यावर संशय येणार. मग त्या बिचाऱ्याने काय करावे?

दाराची दुसरी बाजू

इतके लिहिल्यावर कोणी समजेल की आम्ही एक्स्टेन्शनचे आंधळे पुरस्कर्ते आहोत. तसे नाही. एक्स्टेन्शन हा दुकानात ठेवलेला नोकर आहे. त्याला गल्ल्याजवळ बसविले तर गल्ल्यात किती आहे हे त्याला दिसणारच. अनेक एक्स्टेन्शन आपण पाहतो ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागतात.

‘द ग्रेट सस्पेंडर’ या नावाचे एक उपयुक्त एक्स्टेन्शन जगभर लाखो लोक वापरीत असत. 2020 साली त्याच्या मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या स्वाधीन केले. त्यात घातक भाग आढळल्यावरून गूगलने फेब्रुवारी 2021 मध्ये ते बंद केले. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीच्याच एक्स्टेन्शनवर चोरांनी ताबा मिळविला आणि बिघडविलेली आवृत्ती लोकांच्या संगणकांत पोहोचली. नोकर चांगला होता, पण एके सकाळी त्याच्या कपड्यांत दुसराच माणूस कामावर आला. मालकाला कळले नाही. म्हणून मोबाईलवर हे दार अरुंद असणे काही अंशी आपल्या भल्याचेही आहे, हे मान्य केले पाहिजे. आमची मागणी दार सताड उघडे ठेवण्याची नाही. दाराची किल्ली घरमालकाकडे असावी, एवढीच आहे.

आज काय करता येईल?

कंपन्या कधी बदलतील याची वाट पाहत बसणे व्यापाऱ्याला परवडत नाही. काही गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, मोबाईलमध्ये क्रोम आहे म्हणून तोच वापरला पाहिजे असा नियम नाही. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेऊन त्यात त्यांच्याच अधिकृत यादीतून यूब्लॉक ओरिजिन टाकता येते. पैसे लागत नाहीत. आयफोन असेल तर सफारीसाठी ॲप स्टोअरमधून तशी सोय मिळते. एक-दोन एक्स्टेन्शन पुरेत. दहा नोकर ठेवून लहान दुकान चालत नाही.

दुसरी गोष्ट, पासवर्डसाठी एक्स्टेन्शनची गरजच नाही. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून आणि 2018 च्या आयओएस 12 पासून पासवर्ड सांभाळणारे ॲप थेट फोनशी जोडता येते. सर्व ठिकाणी दुकानाचे नाव आणि जन्मसाल हाच पासवर्ड ठेवण्याची सवय सोडावी.

तिसरी गोष्ट, अँड्रॉइड 9 आणि त्यापुढील फोनच्या सेटिंगमध्ये ‘खासगी डीएनएस’ अशी सोय आहे. जाहिराती अडविणाऱ्या सेवेचे नाव तेथे भरले तर ब्राउझरच नव्हे, इतर ॲपमधील बऱ्याच जाहिरातीही कमी होतात. घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून हे करून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र सेवा विश्वासाची निवडावी, कारण आपण कोणकोणत्या ठिकाणी जातो हे तिला कळते.

चौथी गोष्ट, बँकेचे काम बँकेच्या ॲपवरच करावे आणि कस्टमर केअरचा क्रमांक शोधून सापडला म्हणून लावू नये. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असलेलाच क्रमांक लावावा. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक.

पाचवी गोष्ट समाजाने करावयाची आहे. मुर्रीसारख्या वस्तीत मशिदीच्या जमातीने किंवा व्यापाऱ्यांनी मिळून एक संगणक व प्रिंटर घेणे अशक्य नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या शिकलेल्या तरुणाने तेथे बसावे. नियम दोनच असावेत. प्रत्येकाने स्वतःचे टोकन स्वतः आणावे, स्वतः न्यावे. आणि पिन स्वतःच्या बोटाने टाइप करावा. यासाठी मोठी संस्था नको, मोठी वर्गणी नको. लग्नाच्या मांडवावर एका रात्रीत होणाऱ्या खर्चातून असे केंद्र उभे राहील.

आणि सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. आधारवर आधारित ई-सहीची व्यवस्था देशात 2015 पासून आहे. जीएसटी आणि उद्यम यांनी छोट्या माणसासाठी ओटीपीची वाट काढून दिली. मग लहान रकमेच्या निविदांसाठी तशीच वाट का असू नये? जे सरकार नागरिकाच्या हाती मोबाईल पाहून आपल्या साऱ्या योजना मोबाईलवर आणते, त्याने शेवटच्या पायरीवर त्याच नागरिकाला संगणकाच्या रांगेत उभे करणे न्यायाचे नव्हे. गोंदियातील लोकप्रतिनिधींकडे आणि व्यापारी संघटनांकडे हा विषय लेखी नेला पाहिजे. तोंडी तक्रारीचे आयुष्य चहा संपेपर्यंतच असते.

त्या शिलाई कारागिराच्या फोनमध्ये त्याच्या मुलाने आमच्यासमोरच दुसरा ब्राउझर घेतला आणि जाहिराती अडविणारे एक्स्टेन्शन टाकले. तेच पान पुन्हा उघडले. सुट्या भागाचा भाव पहिल्याच ओळीत दिसला. “एवढेच होते?” कारागीर म्हणाला आणि पुन्हा मशीनकडे वळला.

होय, एवढेच होते. पण ते सांगणारे घरात कोणी असावे लागते. ज्याला माहीत आहे त्याने शेजाऱ्याला सांगावे. ज्ञान हीदेखील अमानत आहे, आणि अमानत तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचविण्याची आज्ञा आपल्याला आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि तिचे रक्षण करण्याची बुद्धीही देवो. आमीन.